राजधानीच्या वेशीबाहेर

वाचकहो, वेरूळच्या बसथांब्यावरून शहराकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण अनेकदा गेला असाल. घाट चढला की खुलताबाद लागते, ते मागे पडले की कागजीपुरा, मग दौलताबादचा किल्ला, आणि पुढे छावणी ओलांडली की शहर. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. मागच्या काळाविषयी लिहिताना मी त्या त्या काळचे नाव वापरणार आहे. अंतर उणेपुरे तीस किलोमीटर. एवढ्या थोड्या वाटेवर दोन जागी राजधानी नांदली. एक देवगिरी, म्हणजेच दौलताबाद. दुसरी खडकी, म्हणजेच औरंगाबाद. आणि या दोहोंच्या अवतीभवती जी गावे, पुरे, सराया आणि बागा उभ्या राहिल्या, त्यांत आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली, पैसा घातला, काहींनी तो मिळविला, पुष्कळांनी गमाविला.

हा विषय या स्मरणिकेसाठी निवडण्याचे कारण सांगतो. पालकसभा आटोपली की दोन-चार पालक हमखास मागे रेंगाळतात. मुलाच्या गुणांविषयी बोलून झाले की हळूच विचारतात, "सर, माळीवाड्याच्या बाजूला प्लॉट निघाले आहेत. समृद्धी महामार्ग जवळ आहे. घेऊन टाकावा काय?" कोणी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठविलेले पैसे त्यात घालावयास निघालेले असतात, कोणी वडिलोपार्जित दोन एकरांपैकी एक एकर विकून. मी इतिहासाचा शिक्षक. जमिनीचा दलाल नव्हे. पण मोठ्या शहराच्या कडेला राहावे काय, आणि तेथे पैसा लावावा काय, हा प्रश्न या रस्त्यावर सातशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. त्याची उत्तरे दगडाचुन्यात अजून उभी आहेत. ती वाचता आली पाहिजेत.

प्रथम दौलताबाद. यादवांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस राजधानी केली. पुढे ती दिल्लीच्या सुलतानांकडे गेली आणि इ. स. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून येथे हलविण्याचे ठरविले. शाळेच्या पुस्तकात आपण हा प्रसंग 'वेडा महंमद' म्हणून हसत हसत वाचतो. मला ते हसणे फारसे रुचत नाही. एवढ्या लांबवर पसरलेल्या राज्याचा मध्यबिंदू दक्षिणेत असावा, हा विचार वेडेपणाचा नव्हता. याह्या सरहिंदी हा पंधराव्या शतकातील इतिहासकार नोंदवितो की, जाणाऱ्या लोकांना त्यांच्या दिल्लीतील घरांची किंमत खजिन्यातून दिली गेली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर घराचा मोबदला देऊन पुनर्वसन! दुसरीकडे इसामी हा कवी-इतिहासकार लिहितो की, त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा या सक्तीच्या प्रवासात पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे वारले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मोबदला मिळतो, आणि म्हातारी माणसे वाटेत मरतात.

नवे शहर कसे आखले होते, याचे वर्णन अल् उमरी या अरब लेखकाने प्रवाशांकडून ऐकून लिहून ठेवले आहे. सैनिकांसाठी वेगळा मोहल्ला, वजीर आणि कारकुनांसाठी वेगळा, काझी आणि आलिमांसाठी वेगळा, शेख आणि फकिरांसाठी वेगळा, व्यापाऱ्यांसाठी वेगळा. प्रत्येक मोहल्ल्यात स्वतःची मशीद, बाजार, हमामखाना, पिठाच्या चक्क्या, भट्ट्या आणि सोनारापासून रंगाऱ्यापर्यंत सर्व कारागीर; म्हणजे एका मोहल्ल्यातल्या माणसाला कशासाठीही दुसऱ्या मोहल्ल्यात जावे लागू नये. पण हेही लक्षात ठेवावे की, उमरीला माहिती देणारा प्रवासी तेथून निघाला तेव्हा ते शहर अजून पुरे झालेले नव्हते. योजनेचा नकाशा आणि जमिनीवरची वस्ती यांत तेव्हाही अंतर होते, आजही असते. गुळगुळीत कागदावर छापलेल्या लेआउटमध्ये बगीचा, शाळा आणि मशिदीची जागा हिरव्या रंगात दाखविलेली असते. ती जागा प्रत्यक्षात जाऊन पाहावी.

इब्न बतूता इ. स. १३४२ च्या सुमारास येथे आला, तेव्हा त्याला शहराचे तीन भाग दिसले: सुलतानाच्या लष्कराचे दौलताबाद, त्याला लागून असलेले कटक, आणि वरचा देवगीरचा किल्ला. येथील द्राक्षे आणि डाळिंबे त्याला आवडली. जवाहिरांचा व्यापार करणारे श्रीमंत हिंदू व्यापारी, ज्यांना 'साह' म्हणत, त्यांचाही तो उल्लेख करतो. आणखी एक गोष्ट तो सांगतो, ती मी मुद्दाम उद्धृत करीत आहे. दौलताबाद आणि आसपासच्या मुलखाच्या वसुलाचा मक्ता एका माणसाने सतरा कोटींना घेतला. राजधानीजवळचा मुलूख, तेव्हा पैसा येणारच, असा त्याचा हिशेब असावा. वसूल तेवढा झाला नाही. मक्तेदाराचा शेवट फार भयंकर झाला. लहान मुले ही स्मरणिका वाचतात, म्हणून तो तपशील देत नाही.

बतूता येथे पोहोचण्यापूर्वीच दिल्लीकरांना परत जाण्याची मुभा मिळाली होती. आठ-दहा वर्षांच्या आत राजधानी पुन्हा दिल्लीस. इ. स. १३४७ मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्याची स्थापना झाली आणि नव्या सुलतानाने आपले ठाणे गुलबर्ग्यास हलविले. म्हणजे वीस वर्षांत राजधानी आली आणि गेली. ज्यांनी दरबाराच्या भरवशावर घर बांधले, त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

मग राहिले कोण? दोन प्रकारचे लोक राहिले, आणि त्या दोघांची गावे आपल्या रस्त्यावर आहेत.

एक खुलताबाद. त्याचे जुने नाव रौझा. दिल्लीहून आलेल्यांत हजरत निजामुद्दीन औलिया यांचे मुरीद होते. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब येथेच स्थायिक झाले आणि इ. स. १३३७ मध्ये येथेच दफन झाले. निजामुद्दीन औलियांची वचने 'फवाइदुल फुवाद' या ग्रंथात लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झी हेही येथल्याच मातीत आहेत. हजरत जैनुद्दीन शिराजी इ. स. १३६९ मध्ये वारले. दरबार परत गेला, ही मंडळी गेली नाहीत. त्यांचा आधार सुलतानाचा पगार नव्हता. त्यांच्याभोवती माणसे जमत, आणि दरवर्षी उरूस भरे. पुढे मलिक अंबर, औरंगजेब बादशहा, पहिला निजाम आसफजहा हे सारे मोठे लोक आपल्या अखेरच्या विश्रांतीसाठी याच छोट्या गावात आले, ते या फकिरांच्या शेजारासाठी. ज्या गावाला राजधानीने जन्म दिला, त्या गावाकडे राजे चालत आले. बादशहाला मरणोत्तर 'खुल्दमकान' म्हणत, त्यावरून रौझाचे खुलताबाद झाले.

दुसरे गाव कागजीपुरा. येथील कागद करणारी घराणी तुघलकाच्या काळात आली, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जुन्या चिंध्या कुटायच्या, चुन्यात भिजवायच्या, धुवायच्या, हौदात लगदा ढवळायचा, साच्यावर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. या कामाला दोन गोष्टी लागतात: वाहते पाणी आणि लिहिणारे लोक. पाणी तेथे होते. लिहिणारे लोक दफ्तरांत होते आणि खानकाहांतही होते. राजधानी दौलताबादेत असो, खडकीत असो, कागद लागणारच. गिरण्यांचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा आटत गेला, हातकागदाचे काम आज थोड्याच हातांत उरले आहे. पण सातशे वर्षांत अनेक राजवटी बदलल्या, आणि कागजीपुऱ्याचे नाव त्याच्या हुनराचेच राहिले. कोणा सरदाराचे नाही.

आता वेरूळ. आपले गाव या दोन्ही राजधान्यांहून जुने. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कैलास लेणे डोंगरातून खोदून काढले गेले, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. मला सांगावयाचे आहे ते वेरूळच्या पाटीलकीविषयी.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेरूळची पाटीलकी भोसल्यांच्या घराण्यात होती. मालोजीराजे आणि विठोजीराजे हे दोघे बंधू निजामशाहीच्या चाकरीत चढले. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा केला. मालोजींच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ही अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दुव्यावरून ठेवली, अशी परंपरा आहे, आणि ती आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

पाटीलकी म्हणजे वतन. विद्यार्थ्यांनी हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण सारी गोम यातच आहे. वतन वंशपरंपरेने चाले. ते विकता येई, वाटता येई, गहाण टाकता येई. तंटा झाला तर गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. राजा बदलला तरी पाटील सहसा बदलत नसे. याउलट जहागीर. जहागीर म्हणजे जमीन नव्हे, जमिनीचा वसूल, आणि तोही नोकरी आहे तोवर. मोगलांच्या राज्यात मनसबदाराची जहागीर तीन-चार वर्षांनी बदलून दुसरीकडे जाई. सरदार वारला की सरकार त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणी, येणे-देणे पाही, आणि उरले तर वारसांना देई. बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात होता. त्याने या पद्धतीवर कडक टीका केली आहे. उद्या हे आपले राहणार नाही असे ज्याला माहीत आहे, तो जमिनीची निगा कशाला राखील, असा त्याचा सवाल. तिसरा प्रकार वक्फ. मालकाने आपली मिळकत अल्लाहच्या नावाने सोडून द्यावयाची. ती पुढे विकता येत नाही, वाटता येत नाही, तिच्या उत्पन्नातून मशीद, मदरसा, सराय, लंगर चालवायचा.

या तीन शब्दांच्या चष्म्यातून आता औरंगाबाद पाहू.

खडकी हे लहान गाव होते. इ. स. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने तेथे निजामशाहीचे ठाणे वसविले. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि बुद्धीच्या बळावर राज्याचा कारभारी झालेला हा माणूस. त्याने महाल बांधले, ते आता शोधावे लागतात. पण त्याने आधी पाणी आणले. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातून जमिनीखालून नहर काढली, केवळ उताराच्या आधारे पाणी खेळविले, मध्ये हवा आणि दाब सांभाळण्यासाठी मनोरे उभारले, आणि शहरात हौदांत सोडले. ही नहर-ए-अंबरी. मोट नाही, बैल नाही. पाण्याची हमी मिळताच लोक आले. निजामशाहीतील मराठा सरदारांनी आपापले पुरे वसविले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या भोसल्यांवरून पडली, असे गॅझेटियर सांगते. म्हणजे वेरूळची पाटीलकी सांभाळणाऱ्या घराण्याने राजधानीजवळही आपली वस्ती केली होती. गावचे वतन सोडले नाही आणि शहराकडे पाठही फिरविली नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

इ. स. १६१६ मध्ये मोगल फौजेने खडकी लुटली आणि जाळली. इ. स. १६२१ मध्ये पुन्हा तेच. वीस वर्षांत हे गाव वर येणार नाही, अशा अर्थाचे जहांगीर बादशहाच्या आठवणींत लिहिले आहे. पण वाडे जळाले तरी जमिनीखालचे पाणी जळत नाही. मलिक अंबराने पुन्हा वस्ती केली. इ. स. १६२६ मध्ये तो वारला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले, आणि दख्खनचा सुभेदार झालेल्या शहजादा औरंगजेबाने ठाणे दिले ते दौलताबादच्या बळकट किल्ल्यात नव्हे, तर या खडकीत. १६५३ मध्ये तिचे नाव औरंगाबाद झाले.

मग पुऱ्यांचे दिवस आले. 'बावन्न दरवाजे, बावन्न पुरे' असे आपण म्हणतो. आकडा मोजून पाहण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ते लोकांचे कौतुक आहे. सुभेदाराबरोबर उत्तरेतून आलेल्या राजपूत राजांना आपल्या फौजेसह राहावयास जागा हवी असे. मिर्झाराजा जयसिंगाचा जयसिंगपुरा, जसवंतसिंगाचा जसवंतपुरा, पहाडसिंगाचा पहाडसिंगपुरा, बुंदीच्या भावसिंगाचा भावसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगाचा करणपुरा आणि त्याचा मुलगा पदमसिंग याचा पदमपुरा. बीबीच्या मकबऱ्याच्या शेजारी बेगमपुरा. त्याला स्वतंत्र नहर, थत्ते हौदाची. तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी इ. स. १६६६ मध्ये येथे आला, त्याला शहराला तट दिसला नाही. दारांपुढील झाडे आणि बागा मात्र दिसल्या. तट बांधला गेला १६८२ मध्ये, मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने. आणि तट बांधताना हे पुरे बाहेर राहिले! आपण शहरात आहोत अशा समजुतीने ज्यांनी घरे बांधली, ते एका हुकुमाने शहराबाहेरचे ठरले. नगरपालिकेची हद्द कोठून जाते, हे प्लॉट घेताना लोक का विचारत नाहीत याचे मला नवल वाटते.

पुऱ्यांचे मालक कोठे गेले? जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरास वारला. जसवंतसिंग १६७८ मध्ये थेट जमरूदला, खैबरच्या तोंडाशी. करणसिंगावर बादशहाची मर्जी उतरली, बिकानेरची गादी गेली, आणि तो आपल्या करणपुऱ्यातच राहून १६६९ मध्ये मरण पावला. नवरात्रात आपण ज्या करणपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला जातो, तेथे एक पदच्युत राजा शेवटचे दिवस मोजीत होता. परंतु बिकानेरकरांनी एक गोष्ट केली: जागेवरील हक्क सोडला नाही. करणपुरा, पदमपुरा, केसरसिंगपुरा आणि कोकणवाडी ही जमीन अडीचशे वर्षे बिकानेर संस्थानच्या मालकीची राहिली. इ. स. १९०४ मध्ये त्यांनी ती इंग्रज सरकारास दिली आणि बदल्यात हिसार जिल्ह्यातील दोन गावे आणि २५,००० रुपये रोख घेतले. आता रेल्वेस्टेशन आणि क्रांती चौक यांच्या मधल्या जागेचा भाव मनात आणा, आणि हा सौदा कोणाला लाभला ते ठरवा. अडीचशे वर्षे थांबूनही विकण्याची वेळ चुकू शकते, असे मी वर्गात म्हणतो तेव्हा मुले हसतात.

ज्या सरदारांपाशी असा पिढीजात हक्क नव्हता, त्यांच्या वाड्यांचे दगड पुढे लोकांनी नेले. इ. स. १७६३ मध्ये निजाम अलीखानाने राजधानी हैदराबादेस नेली. दरबारामागे सावकार गेले, सावकारांमागे कारागीर. बाग सुकली, हौद कोरडे झाले, पुऱ्यांत बाभळी उगवल्या. घर विकावयाचे म्हटले तर घेणार कोण?

या पडत्या काळातही एक जागा चालत राहिली, ती पाणचक्की. बुखाऱ्याकडील प्रदेशातून आलेले नक्शबंदी फकीर हजरत बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया खाम नदीकाठी होता. प्रथम तो अगदी साधा होता. पुढे मुरीदांनी, त्यांत दख्खनमध्ये नोकरी करणारे तुराणी सैनिक पुष्कळ, पैसा दिला. लांबून मातीच्या नळांतून पाणी आणले, उंचावरून पाडले आणि त्या धारेवर चक्की फिरविली. दळण कोणासाठी? मुसाफिरांसाठी, गरिबांसाठी आणि मदरशात शिकणाऱ्या मुलांसाठी. मशीद, सराय, हौद, ग्रंथालय सारे एका आवारात. विचार करा: त्याच शतकात याच शहरात कितीतरी अमिरांनी याहून मोठा पैसा घरांत घातला असेल. त्या घरांची नावेही उरली नाहीत. ही चक्की अजून फिरते, आणि महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाची कचेरी आज त्याच आवारात आहे.

वक्फचे नाव घेतले म्हणून सगळे सुरळीत आहे असे समजू नये. आपल्या भागात दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या इनाम जमिनी पुष्कळ. त्यांवर अतिक्रमणे झाली, आणि काही ठिकाणी ज्यांच्यावर राखण्याची जबाबदारी होती त्यांनीच त्या विकल्या, हे कडू असले तरी लिहिले पाहिजे. पणजोबांनी मदरशासाठी सोडलेली जमीन पणतवाने गुंठ्यांत तोडावी, यापेक्षा मोठी चोरी कोणती? आणि ती विकत घेणाराही सुटत नाही. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने अशी विक्री मुळापासूनच रद्दबातल ठरविली आहे. पालकांनो, सातबारावर 'इनाम' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द दिसले तर तेथेच थांबा, जुने फेरफार काढा, वकिलास दाखवा. नोटरीच्या कागदावर गुंठेवारीचा प्लॉट घेणारा माणूस सतरा कोटींच्या मक्तेदाराचा धाकटा भाऊ आहे.

जहागिरीचे पुढे काय झाले, हे आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल किंवा त्यांनी वडिलांकडून ऐकले असेल. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जहागिरी खालसा झाल्या. ज्या घरांचा सारा डोलारा वसुलावर होता, ती घरे काही वर्षांत भांडीकुंडी विकू लागली. त्यांतील ज्यांच्या मुलांनी शिक्षण घेतले होते, त्यांना शाळांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत काम मिळाले. शिक्षणावर सरकारी जप्ती येत नाही, आणि ते खालसाही करता येत नाही.

आजच्या शहराकडे वळू. १९७० नंतरच्या दशकात सिडकोने चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ नवे शहर आखले. तेथे नोकरी आधी होती, कागदपत्र स्वच्छ होते, रस्ते आणि गटारे आखलेली होती. ज्या कामगारांनी तेव्हा हप्त्याने घर घेतले, त्यांचे भले झाले, आणि ते मान्य केले पाहिजे. शहराच्या कडेला पैसा लावणे म्हणजे बुडणेच, असे मी मुळीच म्हणत नाही. वाळूजच्या बाजूलाही अनेकांचा संसार असाच उभा राहिला. परंतु पाणी? मलिक अंबराने उतारावर खेळविलेले शहर आज जायकवाडीहून उपसलेल्या पाण्याची वाट पाहते, आणि गेली कित्येक वर्षे अनेक वसाहतींत नळ काही दिवसांआड येतो. टँकरचा खर्च प्लॉटच्या जाहिरातीत छापलेला नसतो.

तेव्हा प्लॉट पाहावयास जाल तेव्हा मोटारसायकल उभी करून प्रथम विहीर पाहा, उन्हाळ्यात पाहा. जवळ पोटाचा धंदा कोणता ते विचारा. दलाल महामार्गाचा नकाशा दाखवील. त्याला म्हणा, सातबारा आण. आणि मुलीची फी भरावयाची राहिली असेल तर ती आधी भरा. हा सल्ला इतिहासाच्या शिक्षकाचा आहे, पण मी तो दोन राजधान्या मोजून देत आहे.

आता पुऱ्यांची अखेरची हकीकत. शंभर-सव्वाशे वर्षे उजाड पडलेल्या त्या बाजूला, बेगमपुरा आणि पहाडसिंगपुऱ्याच्या शेजारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. त्या परिसराला बाबासाहेबांनी नाव दिले नागसेनवन. १९५८ मध्ये पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी मराठवाडा विद्यापीठ आले. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी रौझाबागेत मौलाना आझाद महाविद्यालय काढले. मोगल मनसबदारांनी फौजांसाठी वसविलेल्या पुऱ्यांत आता खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहतात. जयसिंगपुऱ्यात, बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात घरोघर खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. एका खोलीत तीन-चार मुले, कोपऱ्यात गॅसची शेगडी, भिंतीवर वेळापत्रक. घरमालकांचा संसार या भाड्यावर चालतो. वेरूळ, खुलताबाद, कागजीपुरा येथील आपल्या काही मुलीही सकाळच्या एस.टी.ने तिकडे जातात. परवा त्यांच्यातील एक जण पासासाठी शाळेचा दाखला मागण्यास आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र.